बाटलीतला अकरावा डोस

लसीकरण केंद्र आमच्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये थाटलं होतं, कारण साथीच्या त्या दिवसांत दुखरा गुडघा घेऊन तिकडे फिरकायची कुणाची छाती नव्हती. हॉलमध्ये चालायला शिकवायचे दोन समांतर लोखंडी दांडे होते. ते जमिनीत पक्के बसवलेले, काढता येईनात, म्हणून त्यांच्यामधूनच रांग लावली. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत आरसा होता आणि सुई घेतल्यावर अर्धा तास बसायच्या खुर्च्या नेमक्या त्याच्यासमोर आल्या. त्यामुळे सर्जन असो की शिपाई, अर्धा तास स्वतःच्या तोंडाकडे बघत बसे. "एवढा वेळ मी लग्नाच्या दिवशीही आरशात पाहिलं नव्हतं," असं हाडांचे डॉक्टर म्हणाले होते.

केंद्र चालवायला ज्या सिस्टरना बसवलं, त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली होती. त्यातली सव्वीस ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. पोट शिवायच्या आधी आत घातलेले कापडाचे बोळे मोजून सगळे बाहेर आले की नाही, हे बघायचं काम त्यांचं. एक जरी कमी भरला तरी सर्जनला थांबवायचं. एकदा त्यांनी बावीस मिनिटं शिवण अडवून धरली आणि बोळा शेवटी सर्जनच्याच बुटाखाली सापडला. तेव्हापासून सगळे त्यांना पाठीमागे मोजणीबाई म्हणत आणि तोंडावर सिस्टर. त्यांना दोन्ही माहीत होतं.

माझं काम यंत्रांचं. लसीचा फ्रिज, त्याचं तापमान आणि नोंदणीचा कंप्युटर माझ्याकडे होता. सिस्टर मला इंजिनीअरबाई म्हणत. ते कौतुक आहे की टोमणा, हे त्या दिवशी कंप्युटर चालतोय की नाही यावर ठरे.

पहिल्या दिवशी लस घ्यायला कुणी पुढे येईना. जो तो दुसऱ्याला "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत होता. शेवटी अधीक्षक साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बसा. तुम्हाला बघून येतील."

"मी शेवटी घेईन साहेब. टोचणारीनं आधी घेणं बरं दिसत नाही."

"बरं दिसायला आपण नाटक करतोय का? बसा."

त्या बसल्या. पहिली सुई त्यांना मिळाली. ही गोष्ट त्यांच्या मनात पुढे किती सलणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी लाँड्रीतले लोक आले. हातांना साबणाचा वास, कोपरापर्यंत पांढरी पडलेली कातडी. रांगेत पुढे एक पन्नाशीच्या मावशी होत्या. त्यांनी नाव सांगितलं, मी कंप्युटरमध्ये शोधलं, सापडलं नाही.

"नीट बघ की पोरी," मावशी म्हणाल्या. "रोज तुमच्या चादरी धुते आणि माझंच नाव नाही?"

मी पुन्हा शोधलं. त्यांच्या मागच्याचं शोधलं, त्याच्या मागच्याचं शोधलं. अकरापैकी एकाचंही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, की यादी हॉस्पिटलच्या पगारपत्रकावरून निघाली होती. लाँड्रीचे लोक, वॉर्ड पुसणारे आणि प्रेतं खाली नेणारे असे एकतीस जण कंत्राटदाराचे होते. हॉस्पिटलच्या कागदांत ते माणसं म्हणून नव्हतेच, एकरकमी सेवा म्हणून होते. हिशेबखात्यातल्या, दोन महिने घरूनच काम करणाऱ्या माणसाचं नाव मात्र यादीत चौथं होतं.

सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. इतर वेळी त्या माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यात डोकं घालत. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलंच नाही. सगळे परत गेल्यावर कापसाचा डबा बंद करत त्या म्हणाल्या, "ती पुढे होती ना, ती माझी धाकटी जाऊ."

नंतर तुकड्यातुकड्यांनी मला कळलं. सिस्टरच्या धाकट्या दिराला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मावशींना लाँड्रीत सिस्टरनीच चिकटवलं. दोघी एकाच घरात राहत, चूल एक, पहाटेचा चहाही एका पातेल्यात. पंचवीस वर्षांत भांडण एकच आणि तेही कायमचं: भांडी घासल्यावर पालथी ठेवायची की उताणी. सकाळी दोघी एकाच बसने येत. गेटातून आत आल्यावर सिस्टर उजवीकडे जात, मावशी डावीकडे. साथीच्या वॉर्डातल्या चादरी बंद पिशव्यांतून लाँड्रीत येत. पिशवीची गाठ सोडून चादरी हाताने मशीनमध्ये ढकलाव्या लागत, आणि ते काम ज्यांची उंची मशीनच्या तोंडाला पुरेल त्यांच्याकडे येई. मावशी उंच होत्या.

सिस्टर त्याच दुपारी अधीक्षक साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून आणखी एक लिहिलं.

आणि मग अकरावा डोस सापडला.

लसीची एक बाटली दहा जणांची. प्रत्येकाला अर्धा मिलिलीटर, म्हणजे पाच. पण सुया भरताना थोडं सांडतंच हे धरून कंपनी बाटलीत पावणेसहाच्या आसपास भरते. आम्हाला तेव्हा ज्या सिरिंज मिळत होत्या, त्यांची सुई नळीला कारखान्यातच जोडून आलेली होती. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की आत काही उरत नसे. सिस्टरचा हात तर असा, की हवेचा बुडबुडा काढताना थेंबसुद्धा सुईच्या टोकावर येऊन थबकायचा, पडायचा नाही. दहावा डोस भरल्यावर त्यांनी बाटली उजेडात धरली.

"इंजिनीअरबाई, हे बघ गं. अजून एक भरेल यात."

भरला. पुढच्या बाटलीतही भरला.

त्या पुन्हा साहेबांकडे गेल्या, मी सोबत होते. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "कंप्युटर बाटलीमागे दहाच धरतो ना? मग दहा लिहा. अकराव्याचं तुम्ही बघा. वाया घालवू नका आणि मला विचारू नका." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर त्याच यादीबद्दल स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या प्रती एकावर एक रचलेल्या होत्या, तोपर्यंत चार.

सिस्टरनी एक चौकटीची वही केली. एकतीस नावं. दुसऱ्या डोसची वेळ येईपर्यंत यादी येईल, तेव्हा या नोंदी आत घेऊ, असं आम्ही धरून चाललो होतो. बाटली फोडायच्या आधी खुर्च्यांवर दहा माणसं बसलेली आहेत की नाही हे त्या बोट दाखवून मोजत, कारण फोडलेली बाटली चार तासांच्या वर चालत नाही. दिवसाला दोनतीन बाटल्या फुटत. केंद्र आठवड्यातून चार दिवस. म्हणजे एकतीस लोकांना चार आठवडे.

क्रम काय लावायचा? प्रेतं नेणारे सहा आधी, मग वॉर्ड पुसणारे चौदा, मग लाँड्रीचे अकरा, आणि प्रत्येक गटात वयाने मोठे ते पुढे. हे सगळ्यांना पटलं. त्या हिशेबाने मावशींचा नंबर तेविसावा आला. वहीत तसा लिहिलाही होता.

दुसऱ्या दिवशी मावशी सिस्टरचा विसरलेला चष्मा द्यायला हॉलच्या दारात आल्या. स्टोअरकीपर तेव्हा कापसाचे गठ्ठे घेऊन आला होता. त्याने दाराकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि हसत हसत म्हणाला, "चालायचंच. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं."

तो गेल्यावर सिस्टरनी पट्टी घेऊन तेविसावं नाव एका रेषेत खोडलं आणि खाली एकतिसावं म्हणून लिहिलं.

"हे काय करताय?" मी म्हटलं. "वयाने त्यांचाच नंबर आहे."

"आहे ना. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. बाहेर कुणाला माहीत आहे? उद्या म्हणतील, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मग ही वहीच बंद पाडतील आणि उरलेले सगळेच बसतील बोंबलत."

"पण सिस्टर—"

"आठ दिवसांचा फरक पडतो. आठ दिवसांत काय होतंय?"

मला खरं सांगायचं तर ते पटलं होतं. माझी स्वतःची सुई तिसऱ्याच दिवशी झाली होती, आणि ज्याचं झालेलं असतं त्याला आठ दिवस फार वाटत नाहीत.

वही पुढे सरकत गेली. प्रेतं नेणाऱ्यांपैकी पाच झाले, सहावा घरच्या आजारपणासाठी रजेवर होता म्हणून त्याचं नाव राखून ठेवलं. वॉर्डवाले झाले. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशी हॉलच्या पायरीवर येऊन बसत. आत येत नसत. "कितवा चाललाय?" असं बाहेरूनच विचारत.

"सव्वीस," मी सांगे.

"चला, गाडी फलाटावर आली म्हणायची."

चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी वहीत दोनच नावं उरली: रजेवरचा तो माणूस आणि मावशी. त्या दिवशी लस घेणारे जेमतेम दहा जमले. एकच बाटली फुटली, साडेअकराला. अकरावा डोस भरून सिस्टरनी ट्रेमध्ये ठेवला. रजेवरचा माणूस त्या दिवशी कामावर परतायचा होता, आला नव्हता. मावशी पायरीवर होत्या.

"सिस्टर, मावशींना घेऊ आत?" मी विचारलं.

"साडेतीनपर्यंत वेळ आहे. आधी त्याला फोन लाव."

फोन लागेना. सिस्टरनी वॉचमनला त्याच्या घरी धाडलं. दोन वाजले. अडीच वाजले. मावशींची सुट्टी केव्हाच संपली होती, पण मुकादमाला सांगून त्या बसून राहिल्या होत्या. सिस्टर घड्याळ बघत आणि ट्रेवरचं कापड सारखं करत. शेवटी त्या दारापर्यंत गेल्या.

"अगं, तो आला नाही तर तुझंच आहे हे."

"असू दे हो ताई. त्याच्या घरात लहान पोरं आहेत. मी काय, मी इथेच आहे."

तीन वाजून वीस मिनिटांनी वॉचमनच्या सायकलवर मागे बसून तो माणूस आला. घामाघूम, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. सिस्टरनी त्याला सुई दिली. वहीत एकच नाव राहिलं. मावशी पदर झटकून उठल्या. "आता मला कुणी अडवत नाही. सोमवारी माझ्यासाठी जाडी सुई ठेवा, बारीक सुईचं मला काही कळत नाही," असं म्हणून चादरींकडे गेल्या.

सोमवारी सिरिंजचं नवं खोकं आलं.

या सिरिंजची सुई वेगळी होती, वरून पिळून बसवायची. दिसायला काहीच फरक नाही. सिस्टरनी पहिली बाटली संपवली: दहा झाले, आणि तळाशी थोडीशी लस उरली. अकरावा भरला नाही. त्यांना वाटलं हात चुकला. दुसऱ्या बाटलीला त्यांनी खुर्ची घेतली, कोपर टेबलावर टेकवला, श्वास धरून भरलं. पुन्हा दहा आणि तळाशी तेवढीच.

मला कारण शोधायचं होतं, कारण तेवढंच मला येतं. मी लॅबमधून बारीक वजनाचा काटा आणला. नवी सिरिंज कोरडी असताना तोलली, पाणी भरून पूर्ण रिकामी केली, पुन्हा तोलली. सुई जिथे बसते त्या मानेत एक थेंब राहत होता. मिलिलीटरचा विसावा भाग. दट्ट्या तिथे पोचतच नाही. दहा सिरिंज, दहा थेंब, अर्धा मिलिलीटर. बरोबर एक डोस.

मी कागदावर आकडे मांडून सिस्टरना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. "म्हणजे एकेक करून दहा जणांच्या सुईत राहतोय तो."

"हो."

"आणि काढता येत नाही."

"नाही."

त्या स्टोअरकीपरकडे गेल्या. जुन्या सिरिंज? "आलं ते दिलं, सिस्टर. मी काय घरी तळतो का?" मग त्या लहान मुलांच्या लसीकरणाच्या खोलीत गेल्या. तिथे जुन्या प्रकारच्या होत्या. तिथल्या सिस्टरनी फडताळ उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, "बाळांच्या मोजून आहेत गं. तुला एक खोकं दिलं तर त्या दिवशी कुणाला परत पाठवू?" सिस्टर रिकाम्या हाताने आल्या. "मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते," एवढंच बोलल्या.

बुधवारी मावशी पहिल्यांदा आत आल्या. सिस्टरनीच बोलावलं होतं, शेवटचा प्रयत्न म्हणून. खुर्चीत बसून त्यांनी बाही वर केली. टेबलावर दोन बाटल्या उभ्या होत्या. दोन्हींत तळाशी उरलेलं. वेगवेगळं ते एका डोसाला पुरत नव्हतं. एकत्र केलं तर पुरत होतं.

दोन बाटल्यांतलं एकत्र करायचं नाही, हा नियम. एका बाटलीत काही जंतू गेला असेल तर तो दुसरीत जातो, म्हणून. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. हेही माहीत होतं, की दोन्ही बाटल्या त्यांनीच तासाभरात फोडलेल्या, स्वच्छ होत्या.

सिस्टरनी एक सिरिंज उघडली. पहिल्या बाटलीच्या बुचात सुई घातली, उरलेलं ओढून घेतलं. अर्ध्याच्या बरंच खाली. मग दुसरी बाटली उचलली आणि तशीच धरून राहिल्या. मी कंप्युटरकडे तोंड वळवलं, म्हणजे त्यांना वाटेल ते करता येईल. आरशात मात्र मला सगळं दिसत होतं. मावशी आरशातून सिस्टरकडे बघत होत्या.

बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही जमत मला," सिस्टर म्हणाल्या.

"नका करू मग," मावशींनी बाही खाली केली. "तुमचे हात थरथरायला लागले की मलाच भीती वाटते. यादी येईलच की."

पुढच्या गुरुवारी मावशींना ताप आला.

पहिले दोन दिवस घरी, तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला. ज्या वॉर्डातल्या चादरी त्या धुवायच्या, त्याच वॉर्डात त्यांना खाट मिळाली. आजार लाँड्रीतून आला की बसमधून की सिस्टरच घरी घेऊन आल्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सिस्टरनी ते मला एकदाच विचारलं. "सुई घेतलेल्या माणसाकडून लागू शकतं का गं?" मी म्हटलं, शक्यता कमी असते. "कमी म्हणजे किती?" मला आकडा माहीत नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वॉर्ड आमच्या डोक्यावर दोन मजले होता. सिस्टर सकाळी वर जात, काचेतून बघत, खाली येऊन बाटल्या मोजत. केंद्र बंद ठेवता येत नव्हतं, कारण आता लोक भीतीने लस मागायला लागले होते. दुपारी पुन्हा वर. ऑक्सिजन किती लिटरवर आहे तो आकडा त्या खाली येऊन मला सांगत, जणू मी तो कुठेतरी भरणार आहे. सहा. आठ. दहा. पंधरा.

पंधराच्या दिवशी यादी आली.

एकतीस नावं, साहेबांच्या सातव्या पत्रानंतर. साहेब स्वतः खाली आले, वहीतल्या तारखा पाहून सही केली आणि तीस जणांच्या नोंदी आत घ्यायला सांगितल्या. यादी नोकरीला लागलेल्या तारखेप्रमाणे होती. सगळ्यात वर मावशींचं नाव होतं.

कंप्युटरचा नियम असा, की वरच्या नावाचा निकाल लावल्याशिवाय खालचं नाव उघडत नाही. लस दिली, नाहीतर कारण निवडा. कारणं तीनच: गैरहजर, नकार, तात्पुरते अपात्र. मी पडदा सिस्टरकडे वळवला.

"आजारी असं नाही का?"

"ते अपात्रमध्ये येतं."

"अपात्र?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की रांगेतल्या पहिल्या माणसाने मान खाली घातली. "पंधरा वर्षांची पोर असल्यासारखी उड्या मारत जिना चढायची ती. अपात्र कुठून झाली?"

"मग गैरहजर घालू?"

"वर आहे ती. दोन मजले वर आहे."

दांड्यांमधली रांग थांबली होती. नोंद करून घ्यायला आलेल्या वॉर्ड पुसणाऱ्या बायका, लाँड्रीचे सगळे. कुणी घाई केली नाही. सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. सर्जनला बावीस मिनिटं थांबवणारी बाई ती. इथे थांबवायला समोर कुणी नव्हतं, नुसते तीन शब्द होते.

"तुला योग्य वाटेल ते घाल," शेवटी त्या म्हणाल्या आणि हातमोजे बदलायला गेल्या. मी तात्पुरते अपात्र घातलं. खालची नावं उघडली.

मावशी वाचल्या. सव्वीस दिवसांनी घरी आल्या, पण फुप्फुसं निम्मीच घेऊन आल्या असं डॉक्टर म्हणाले. घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला मीच गेले. दोन खोल्या, मधे पडदा, खिडकीत पालथी घातलेली भांडी. सिस्टरचे यजमान निवृत्त बस मेकॅनिक. यंत्र सुरू झाल्यावर त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट जरा वाजतायत, पण चालेल." मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी.

"बघ पोरी, ताईंनी भांडी पालथी ठेवली," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "पंचवीस वर्षांनी. आजारी पडायला हवं होतं आधीच."

सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून घड्याळात बघत होत्या. मला वाटलं कुठे जायचंय त्यांना. मग ओठ हललेले दिसले. त्या मावशींचे श्वास मोजत होत्या.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात अचानक म्हणाल्या, "हिचा नंबर तेविसावा होता. मी खोडला."

"ताई, झालं ना आता. तुम्ही काय करणार होता?" मावशी आतून म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. करण्यासारखं होतं."

यंत्राचा आवाज मोठा होता. मावशींना ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही.

या आजारातून उठलेल्या माणसाला तीन महिने लस देत नाहीत. तीन महिने होईपर्यंत सगळंच पालटलं. साथ ओसरल्यासारखी झाली. केंद्र सर्वांना खुलं केलं तरी दिवसाला जेमतेम दहा माणसं यायची, मग तीही येईनाशी झाली. फ्रिज बाटल्यांनी भरला. सिरिंजची खोकी भिंतीला लावून ठेवली होती, आणि स्टोअरकीपरने गंमत बघावी तसं सांगितलं, "सिस्टर, तुमच्या त्या जुन्या आल्यात बघा. पाच हजार. काय करायच्या त्या करा."

मावशी रिक्षाने आल्या. मधल्या दांड्यांना धरून खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. हॉलमध्ये आम्ही तिघी आणि दारात वॉचमन. सिस्टरनी सवयीने खुर्च्यांकडे बोट केलं. एक. दहा माणसं नसताना त्यांनी कधी बाटली फोडलेली मी पाहिली नव्हती.

"दुसरं कुणी येईपर्यंत थांबू का?" मावशींनीच विचारलं. "एकटीसाठी कशाला फोडता?"

"गप बस," सिस्टर म्हणाल्या आणि झाकण काढलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सुई दिली. मावशी आरशासमोर बसल्या. अर्धा तास झाला तरी उठल्या नाहीत, कारण त्यांना एकटीने घरी जाता येत नव्हतं आणि सिस्टरना बाटली सोडून जाता येत नव्हतं. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. वॉचमन गेटावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून आला. एक जण म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. एकाने विचारलं, सक्तीचं आहे का?

तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टर उठल्या. जुन्या प्रकारची एक सिरिंज घेतली. बाटलीतून अर्धा मिलिलीटर ओढायचा, जंतुनाशक पाण्याच्या बरणीत सोडायचा, पुन्हा ओढायचा. बाटली तशीच बरणीत टाकली असती तरी चाललं असतं. त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. बुडबुडा काढताना थेंब सुईच्या टोकावर येऊन थबकत होता.

दहाव्यांदा सिरिंज पूर्ण भरली. मावशींचा एक आणि हे दहा.

"वाया किती घालू?" मी विचारलं.

"दहा."

कंप्युटरने दहा घेतले नाहीत. बाटलीत दहा, दिला एक, वाया जास्तीत जास्त नऊ. लाल अक्षरांत तसं आलं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"मग नऊ घाल."

मी नऊ घातले. त्यांनी हातातली भरलेली सिरिंज एकदा उजेडात धरली आणि ती बरणीत रिकामी केली.

"ताई, आटपलं का?" आरशासमोरून मावशी म्हणाल्या. "मला बाहेरचा चढ चढायला वेळ लागतो."

"आले," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी हात धुतले, मावशींना उठवलं. मावशी दांड्यांच्या मधोमध थांबल्या आणि दोन्ही हातांनी दांडे धरून वाकल्या. सिस्टर मागे उभ्या राहिल्या, त्यांना हात न लावता. नुसते ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चल आता," आणि मावशींनी पुढचं पाऊल टाकलं.